ओ देजो नको

मोठीमायनं मला जन्मात कधी नावानं हाक मारली नव्हती. सेहेचाळीस वर्षं एका घरात काढली, नवराही घरजावई आला, पण एकदाही नाही. लहान होते तेव्हा "ए पोरी", वयात आले तेव्हा "ए भवाने", आणि पांढरकवड्याच्या बसस्टँडमागे मशीन टाकून ब्लाऊज शिवायला लागले तेव्हापासून "टेलरीन". "टेलरीन, जेवली का?" "टेलरीन, तुह्या नवऱ्याले सांग, गॅस संपला." गल्लीत कोणी माझं नाव घेऊन विचारलं तर ही म्हणायची, "थे टेलरीन? हाये घरात."

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझं नाव आधी तिच्या मुलीचं होतं. ती पोर अकरा महिन्यांची होऊन गेली आणि पुढच्याच वर्षी मी जन्मले. माझे बाबा शाळामास्तर. त्यांना वाटलं, घरात ते नाव पुन्हा ऐकू आलं तर वहिनीला बरं वाटेल. तिला विचारलं कोणी नाही. मेलेल्या लेकराचं झबलं धुऊन दुसऱ्याला घालावं तसं ते नाव मला घातलं, आणि जिच्यासाठी घातलं तिनं ते कधी तोंडातून काढलं नाही. इतक्या शिकलेल्या माणसाला एवढं साधं कळू नये, याचा मला अजून राग येतो.

लहानपणी मी मुद्दाम लपून बसायची. ज्वारीच्या कणगीमागे, नाहीतर शेजारच्यांच्या गोठ्यात. आई, बाबा, सगळे नावानं हाका मारायचे. मोठीमायही शोधायची, सगळ्यांपेक्षा जास्त शोधायची, पण "ए पोरी, कुठी मेली व?" एवढंच. मी श्वास रोखून वाट पाहायची की आता तरी म्हणेल. नाही म्हणाली. मग मी मनाशी ठरवून टाकलं की हिला मी आवडत नाही. पुढे माझ्या बाळंतपणांत रात्रंदिवस उशाशी बसली, आई गेली तेव्हा मला तिनंच सांभाळलं, तरी माझं ते ठरवणं काही गेलं नाही. माझा स्वभावच तसा आहे, एकदा टाका बसला की उसवत नाही.

मागच्या वर्षी ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, आणि तेव्हापासून वॉकर. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून खाटेपर्यंत. दारात बसून हायवेवरचे ट्रक पाहायचे, हाच दिवस. अशी बाई एक दिवस मला म्हणाली, "मले नागपूर दाखव."

"आता?" मी म्हटलं. "पाय होते तवा कधी नाही म्हटलं, अन आता नागपूर? काय आहे नागपूरले?"

"अजब बंगला हाये. महाराजबाग हाये. वाघ हाये."

"वाघ टिपेश्वरच्या जंगलात आहे, इथून अर्ध्या तासावर. तो दाखवते."

"मले नागपूरचाच पाहायचा हाये."

माझं डोकंच फिरलं. लग्नसराई होती, दुकानात ब्लाऊजांचा ढीग पडला होता. मी ताडताड बोलले. दुसऱ्या दिवशी तिचं पुन्हा तेच. आठ दिवस तेच. नवव्या दिवशी दुपारी मी तिच्या पायाला तेल लावत होते, तेव्हा तिनं माझा हात धरून थांबवला आणि सांगितलं.

आमच्याकडे एक रीत आहे. लेकरू घेऊन कुठं गेलं, की निघताना आईनं त्याला नावानं हाक मारायची. तीनदा. "चाल व माय, घरी चाल." लेकरू काखेतच असतं, तरी मारायची. लहान लेकराचा जीव कुठंही रमतो. आपण अंग घेऊन घरी येतो आणि जीव मागं खेळत राहतो, म्हणून. माझ्या बाबांना हे चालत नसे. आपण धम्म घेतला तेव्हाच हे सगळं सोडलं, म्हणायचे. पण बाबांच्या पाठीमागे घरातल्या सगळ्या बाया करायच्या. मीही माझ्या दोन्ही पोरांच्या वेळी केलं, बस पकडताना घाईघाईत, अर्थबिर्थ न विचारता.

मोठीमायची पोर अकरा महिन्यांची असताना ती, मोठे बाबा आणि ती पोर दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेले होते. मोठे बाबा तेव्हा ट्रकवर क्लीनर होते, त्यांच्याच ट्रकमध्ये बसून गेले. दर्शन झालं. ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता, म्हणून मोठ्या बाबांनी बायकोला नागपूर दाखवलं. अजब बंगला, म्हणजे तिथलं म्युझियम, पाहिला, महाराजबागेतली जनावरं पाहिली. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. आठव्या दिवशी ती गेली.

"तीन जागी गेलतो आम्ही," मोठीमाय म्हणाली. "दोन जागी हाक मारली. एका जागी राह्यली. कोणत्या जागी, थेच आठवत नाही. इतकी वर्षं रोज आठवून राह्यली."

"मोठीमाय, ती तापानं गेली."

"अंग गेलं तापानं. थे तिथीच हाये."

मी तेलाची वाटी खाली ठेवली. दुपारचं लख्ख ऊन दारात पडलं होतं, ट्रक जात होते. मग तिनं बाकीचं सांगितलं. हाक आईच्याच तोंडची लागते, दुसऱ्या कोणाची चालत नाही. आई आपल्या पायांनी निघाली पाहिजे, घराकडं तोंड करून, मागं न पाहता. आणि ती हाक मारत असताना दुसऱ्या कोणी ओ द्यायची नाही.

"दिली तर?"

"तर हाक चुकते. मंग कोण आलं, कोण राह्यलं, काही समजत नाही." ती माझ्याकडे पाहत राहिली. "म्हणून तुले नावानं नाही बलावलं कधी. तू लय लवकर ओ देतं. बलावलं असतं अन तू धावत आली असती, तर थिच्या वाट्याची हाक संपून गेली असती."

मला काय वाटलं ते सांगते. रडू आलं, आणि त्याच्या जोडीला रागही आला. सेहेचाळीस वर्षं मी जे मागत होते ते हिनं एका अकरा महिन्यांच्या पोरीसाठी जपून ठेवलं होतं. पण म्हातारीचे पाय असे वाळून गेलेले, हातात धरवत नव्हते. म्हटलं, "चल. दाखवते नागपूर."

"तू ओ देजो नको फक्त."

"मी कायले देऊ? मला काय वेड लागलं?"

जानेवारीतला एक साधा वार पाहून निघालो. दसऱ्याच्या गर्दीत तिची खुर्ची हलवायला जागा मिळाली नसती. चाकाची खुर्ची एका गिऱ्हाइणीच्या सासऱ्याची आणली, गाडी आमचीच जुनी व्हॅन, चालवायला माझा नवरा. मोठीमायनं पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठाची, आणि तिच्यावर मी नवीन शिवलेला पांढरा ब्लाऊज. माप घेताना तिचे खांदे हाताला लागले होते, नुसते हँगर. करंजी गेली, वडकी गेली, वर्धा नदीचा पूल आला. ती खिडकीतून खाली पाण्याकडे पाहत होती. "पुलावर लेकराले सांगा लागते," म्हणाली, "पाणी आलं, हात सोडजो नको म्हणून." नवरा आरशातून माझ्याकडे पाहून हसला. त्याला मी एवढंच सांगितलं होतं की म्हातारीला फिरायचं आहे.

दीक्षाभूमीवर आधी गेलो. तिच्या आठवणीत तिथं नुसतं मैदान आणि धूळ होती. घुमटाकडे ती मान वर करून कितीतरी वेळ पाहत राहिली. आत खुर्ची नेली, तिनं हात जोडले, वंदना म्हटली. तिचा आवाज कापत होता पण एक शब्द चुकला नाही. बाहेर बोधिवृक्षाच्या सावलीत खुर्ची थांबवली आणि मी वाट पाहू लागले की आता ही उठेल, वॉकर मागेल. ती हलली नाही.

"इथी नाही," म्हणाली.

"आठवलं?"

"आठवा काय लागते? इथून कोणी मागं राहत नाही व. इथं तं लोकं येतात." आणि मग हळूच, "अन इथं असं करनंबी बरं नाही. तुह्या बाबाले आवडलं नसतं." मला बरं वाटलं. खरं तर मला वाटत होतं की कुठंच काही आठवू नये, आपण वाघ पाहावा आणि घरी जावं.

मधे नवऱ्यानं दोन प्लेटी तर्री-पोहे खाल्ले. तिनं चमचाभर खाल्ले आणि प्लेट माझ्याकडे सरकवली.

अजब बंगल्यात पायऱ्यांवरून खुर्ची उचलायला तिथला चौकीदार धावून आला. भला माणूस. "आजी, हळू," म्हणत त्यानं पुढची बाजू धरली. आत पेंढा भरलेली जनावरं, काचेमागे. बिबट, अस्वल, डोळे उघडे ठेवून उभे. मला ती जागा सोसवेना. मोठीमाय मात्र खुर्चीत पुढे वाकून प्रत्येक काचेजवळ थांबायला लावत होती. एका काचेवर तिनं तळहात टेकवला, खाली, लहान लेकराचा हात पोचेल इतक्या खाली. "इथी थपथप करे," म्हणाली. "थुंकी लावून ठेवलती साऱ्या काचेले." आणि ती हसली. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्या काचेत आमच्या दोघींची तोंडं दिसत होती आणि मधे ते अस्वल.

"इथी मारलती हाक," ती एकाएकी म्हणाली. "पायऱ्या उतरल्यावर मारलती. तुहे मोठे बाबा म्हणे, कोणाले बलावतं व, वाघाले? आठवलं मले. हसले होते ते."

म्हणजे आता महाराजबागच उरली. खुर्ची मी मुद्दाम हळू ढकलत होते. विश्वास होता म्हणून नव्हे. पण सकाळी तीन जागा होत्या तेव्हा ती सगळी म्हातारीची कहाणी होती. आता जागा एकच राहिली, आणि तिथं कोणी तरी आहे असं मला वाटायला लागलं होतं. मनात पाल चुकचुकली ती थांबेचना.

दुपार कलली होती. बागेत शाळेची सहल आलेली, पोरं पिंजऱ्यापाशी कल्ला करत होती. वाघ झोपलेला होता, तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. हरणांच्या कुंपणाजवळ एका मोठ्या झाडाखाली खुर्ची थांबवायला लावली. "इथी दूध पाजलं. अन मंग ट्रकवाल्यानं निरोप धाडला का गाडी निघाली, लवकर या. धावत पयलो आम्ही. नुसते पयलो." मोर ओरडत होता. मग ती म्हणाली, "थे झोपली होती खांद्यावर. म्हटलं, कायले जागी करू."

इतकंच होतं. एवढ्या वर्षांचं ओझं आणि चूक एवढीच, की लेकरू झोपलं होतं म्हणून आई बोलली नाही.

फाटकाजवळ तिनं वॉकर मागितला. नवरा म्हणाला, "अहो मोठीमाय, गाडी इथपर्यंत आणतो." तिनं त्याला हातानं बाजूला केलं. मला म्हणाली, "तू समोर जाय. गाडीपाशी उभी राह्य. माह्या मागं कोणी नको." मी पुढे जाऊन गाडीला टेकून उभी राहिले. फाटक ते गाडी, वीस पावलं असतील. ती उभी राहिली. वॉकर पुढे टाकला, एक पाय, मग दुसरा. पांढऱ्या साडीत एवढीशी दिसत होती. चार पावलं आली, थांबली, आणि तिनं हाक मारली.

माझं नाव. तिच्या तोंडून. मी आजवर ऐकलं नव्हतं ते असं, मधलं अक्षर लांबवून, लाडानं. "चाल व माय, घरी चाल." माझ्या घशापर्यंत ओ आली. मी पदर तोंडात कोंबला आणि दातांनी धरला. लोक वळून पाहत होते. दुसऱ्यांदा हाक मारली, जरा मोठ्यानं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तिच्या मागे पाहत होते, फाटकाकडे. मी पाहायला नको होतं. तिथं काही नव्हतं, सहलीची पोरं होती. तरी मला वाटलं की त्या पोरांच्या पायांतून काही तरी लहानसं रांगत येईल.

मग ती पुढचं पाऊल टाकायला गेली आणि वॉकरचा पाय फरशीच्या फटीत अडकला. ती एका अंगाला कलली. आणि पडता पडता तिनं तिसऱ्यांदा माझं नाव घेतलं.

"ओ! आली, मोठीमाय, आली!"

मी कधी ओरडले, कधी धावले, मला कळलं नाही. तिला मी धरली तेव्हा तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. पडू दिलं नाही मी तिला. जन्मभर ज्या हाकेची वाट पाहिली तिला मी ओ दिली, यात माझं काय चुकलं? मी हे स्वतःला किती वेळा विचारलं असेल. ती हाक रीतीतली तिसरी होती की पडणाऱ्या बाईनं जवळच्या माणसाला मारलेली, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिनं मान वर केली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, इतक्या जवळून की मला तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू दिसला. मला वाटलं आता शिव्या घालेल. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "आली?"

"आली," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

परतीच्या वाटेत ती माझ्या शेजारी बसली होती. बुटीबोरी गेली, जाम गेलं, हिंगणघाट गेलं. दिवस मावळायला आला तेव्हा वर्धेचा पूल लागला. तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी दाबून धरला, आणि माझं नाव घेऊन म्हणाली, "पाणी आलं पाह्य. हात सोडजो नको." पूल संपला तरी तिनं हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही. मला तेव्हा सुख झालं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवसापासून ती मला नावानं हाक मारते. सकाळी उठल्याबरोबर, दुपारी, संध्याकाळी. मी ओ देते. ती वरणभात कुस्करून ठेवते, तूप घालून, आणि मी दुकानातून आले की माझ्यापुढे वाटी सरकवते. माझे केस विंचरायला बोलावते. नवरा म्हणतो, वय झालं, म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, तू कशाला मनाला लावून घेते. घरात ती आता हसते. जेवण वाढलं आहे तिचं. शेजारणी म्हणतात, नागपूरची हवा मानवली बाई तुमच्या म्हातारीला.

मागच्या आठवड्यात मी दुकान लवकर बंद करून आले. ती दारात बसली होती, माझा नवरा व्हॅन धूत होता. मी आत जाऊन हातपाय धुतले आणि तिचा आवाज ऐकू आला. ती त्याला विचारत होती, "जावाई, टेलरीन दिसत नाही बाप्पा लय दिवसापासून. कुठी गेली?"

तो हसला. "आत्ताच तर आली, आत आहे."

"थे तं माही पोर हाये," मोठीमाय म्हणाली. हायवेवरून ट्रक गेला, त्याचा आवाज विरला, आणि मग ती काळजीच्या सुरात म्हणाली, "टेलरीन तिथीच राह्यली वाटते, फाटकापाशी. तिले कोणी हाकच नाही मारली. जेवली असंन का थे?"

मी ओल्या हातानं तशीच उभी राहिले. जन्मभर मला वाटत आलं होतं की ती मला माझ्या नावानं बोलवत नाही. माझं नाव तर टेलरीन होतं. तेवढंच फक्त माझं होतं, तिनं मला दिलेलं, आणि मी त्याच्यावर रुसून बसले होते.

नवऱ्याला मी म्हटलं की एकदा मला महाराजबागेत जायचं आहे. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही, रविवारी जाऊ म्हणाला. मग मीच नको म्हटलं. जाऊन काय करणार? हाक आईच्या तोंडची लागते, आणि माझ्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली.